दर्भाचा कावळा भगवंत महाराजांना

मी, कौशल्याबाई किसनराव होले, वय अडुसष्ट, धंदा फुलशेती व हारविक्री, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम जोडला, कारण आमच्या घराचे गुरू भगवंत महाराज यांच्या मते जी बाई त्यांचे ऐकत नाही तिचे डोके फिरलेले असते. वकीलबाईंनी हे वाक्य गाळू का म्हणून विचारले. मी राहू द्या म्हटले.

कलम १. मला दोन लेकरे. थोरला देवानंद आणि धाकटी करिश्मा. करिश्माचे आम्ही ठेवलेले नाव शुभम. सहा वर्षांपूर्वी आम्ही तिची तेरवी करून गावजेवण घातले, हे खरे आहे. ती जिवंत आहे, हेही खरे आहे. अकोल्याला लग्नाचे मांडव फुलांनी सजवायचे काम करते आणि आधार कार्डावर करिश्मा किसनराव होले असे नाव लावते. देवानंद मला तोंडावर म्हणाला, "आई, मेलेल्या माणसाले हिस्सा नसते." म्हणून ती जिवंत असल्याचे पहिल्याच कलमात लिहिले.

कलम २. वलगाव शिवारातले फुलांचे शेत, विहीर व मोटारपंपासह, करिश्माला द्यावे. हे शेत मी माझ्या कमाईतून घेतले असून सातबारा माझ्या एकटीच्या नावावर आहे. देवानंदने गेल्या सहा वर्षांत तिथे पाय ठेवला तो फक्त मोजणीवाले आले तेव्हा. झेंडू आणि शेवंती ओळखायला सांगितले तर तो बायकोकडे पाहील.

कलम ३. राजापेठेतली हारांची जागा, पाटी, टोपल्या आणि हार ओवायची माझी लांब सुई करिश्माला. सुईबद्दल थोडे लिहिणे भाग आहे.

शुभम बारावीत असताना आम्हाला सांगू लागला की मी आतून मुलगी आहे. माझ्या मालकांनी, म्हणजे किसनरावांनी, बैल घ्यायचा तरी महाराजांना विचारून घेतला होता, मग हे कसे न विचारता राहतील? महाराजांचा अकोल्याला मठ. बाहेर फलक, 'कौटुंबिक समुपदेशन, दर गुरुवारी'. सात महिने आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून दर गुरुवारी गेलो. पहिल्याच दिवशी महाराज म्हणाले, पोराला हार ओवू देऊ नका, बायकी काम आहे, त्यानेच बिघडला. तेव्हा त्यांच्या गळ्यात शुभमनेच ओवलेला शेवंतीचा हार होता. आम्हा माळ्यांच्या घरात जाड हार पुरुषच ओवतात. किसनरावांची बोटे चाळीस वर्षे झेंडूने पिवळी होती, आणि तीच बोटे जोडून ते मान हलवत बसले. शेजारी बसून मीही मान हलवली.

सातव्या महिन्यात महाराज म्हणाले, लग्न लावून द्या, आपोआप सुधारतो. मी म्हटले, महाराज, तुमची मुलगी लग्नाची आहे, तिलाच द्या. त्या गुरुवारी समुपदेशन लवकर आटोपले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कलम ४. वलगावचे राहते घर देवानंद व सून दीपमाला यांना. अट एकच. मागची खोली करिश्माची राहील आणि तिची वाट पुढच्या दारातूनच असेल. किसनराव वारले तेव्हा ती बापासाठी हार घेऊन आली होती. महाराजांनी निरोप धाडला की मेलेल्याने मेलेल्याला हार घालायचा नसतो, आणि देवानंदने तो हार फाटकातूनच परत केला. दीपमाला मात्र मागून पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाबाहेर गेली. म्हणून तिचे नाव या कलमात आहे, नाहीतर नसते.

कलम ५. भगवंत महाराजांना माझ्या लोखंडी पेटीतला दर्भाचा कावळा द्यावा. तो माझ्याकडे कसा आला ते असे.

पुढे, सहा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला शुभम साडी नेसून घरी आला आणि म्हणाला, आजपासून मी करिश्मा. देवानंदने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. महाराजांनी सल्ला दिला, मुलगा गेला समजा आणि क्रिया करून मोकळे व्हा, नाहीतर देवानंदच्या लेकरांवर येईल. घर सोडल्या दिवसापासून आम्ही दिवस मोजले. दहाव्याला पेढी नदीवर पिंड मांडले. सकाळची दुपार झाली, कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर होते. देवानंदने हात जोडून त्यांना काय काय कबूल केले, पण एकही खाली उतरला नाही. महाराज म्हणाले, आज त्यांना भूक नाही. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि झाले म्हणाले. वेदशास्त्र शिकलेल्या माणसाला जे कळले नाही ते पाखराला कळले. मी तो कावळा पदरात लपवून आणला. महाराजांनी तो आपल्या समुपदेशनाच्या खोलीत ठेवावा. त्यांचे ऐकणारा कावळा तेवढाच एक आहे, माझ्यामागे तोही त्यांचाच.

कलम ६. आता माझे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी करिश्माचा फोन आला. म्हणाली, "आई, माही तेरवी केली म्हणे तुमी. जेवण बरं झालं होतं काय?" मी बुंदी दोनदा घेतली होती. महाराजांना मी एवढ्या शिव्या देते, पण ताट वाढून घेतले ते मीच, आणि ते गिळले गेले. याची लाज मला मरेपर्यंत राहील. पुढे तिला भेटायला अकोल्याला गेले तर तिने आधी मला जेवू घातले. मग माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे न आई, मी हाओ न इथं."

कलम ७. मला अग्नी करिश्माने द्यावा आणि पिंडही तिनेच ठेवावा. भगवंत महाराजांना बोलावू नये. कावळा शिवला नाही तर देवानंदने त्याला शेत, सोने, नातवंडे काहीही कबूल करू नये. त्याने सगळ्यांसमोर, मोठ्याने, एवढेच म्हणावे, "करिश्मा, चाल घरात." म्हणवत नसेल तर सगळ्यांनी तिथेच बसून राहावे. दर्भ कोणी आणू नये. मला घाई नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली.

ठिकाण : अमरावती
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

सही : कौशल्याबाई किसनराव होले

साक्षीदार १ : गीतांजली खासबागे, राजापेठ, शेजारची हारवाली. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : नत्थुजी आंबुलकर, वलगाव, धंदा न्हावी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या दिवशी नदीवर देवानंदचे केस मीच उतरवले होते. कावळा शिवला नव्हता.