याकुपच्या पायाला लागलेला हात

मी, प्रियदर्शिनी रत्नदीप गजभिये, वय ४४, व्यवसाय स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहणार सेम्बावांग, सिंगापूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मन ठिकाणावर आहे. दडपण आहे, पण ते मालमत्तेवरून नाही. त्याचा खुलासा चौथ्या कलमात केला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. फ्लॅट माझ्या व पती रत्नदीप यांच्या संयुक्त नावावर आहे, तो कायद्यानेच त्यांच्याकडे जाईल. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, नॉमिनेशन वेगळे केलेले आहे. म्हणजे ही दोन्ही मी देत नाही. उगाच औदार्याचा आव नको. मृत्युपत्राची अंमलबजावणी रत्नदीप यांनी करावी.

२. दागिने व डायऱ्या मुलगी जान्हवी हिला. डायऱ्या वाचायच्या की नाही, ते तिने ठरवावे. हे ऐकून ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, सो ड्रामॅटिक लाह. व्हॉल्व्ह तर आहे." तिचेच खरे ठरो.

३. माझी आई मीराबाई यादवराव मेश्राम यांना याच घरात राहू द्यावे. नागपूरला पाठवण्याचा आग्रह कोणी करू नये.

४. आता दडपण. दोन वर्षांपूर्वी काशगरचा उइगूर दोरचालक याकुप तुरसुन याने ईस्ट कोस्टच्या मैदानात विक्रमासाठी महिनाभराहून अधिक काळ दोरावर काढला. दोर जमिनीपासून उंच खांबापर्यंत तिरपा ताणलेला. रात्री तो खांबावरच्या फळीवर झोपे. रोज सकाळी खालच्या टोकापर्यंत येई आणि जमिनीला पाय न लावता वर जाई. अट एकच: कोणाचा आधार घ्यायचा नाही. खांब आणि बांधणी मी तपासली होती, म्हणून निरीक्षकही मलाच नेमले.

शेवटच्या सकाळी आई आली. ती देवळासमोर वाकत नाही, आमच्या घरात कोणीच वाकत नाही. पण याकुप खाली आला तेव्हा प्रेक्षकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून ती पुढे गेली, त्याच्या पावलाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. घरी मला म्हणाली, "डोंबाऱ्याला लोक पैसे फेकतात गं. पाया कोणी पडत नाही."

आधीच्या विक्रमवीराच्या लोकांनी हरकत घेतली: बाहेरच्या व्यक्तीने पाय धरला. विक्रम रद्द झाला. अपील पुढल्या महिन्यात आहे आणि जवळून पाहणारी मी एकटीच आहे.

विक्रम नोंदवणाऱ्या समितीच्या एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, अहवालात 'टच्ड'च्या जागी 'सपोर्टेड' लिहा, विक्रम नाही तरी आम्ही त्याला मानपत्र देऊ." आयोजक सुबोध उलट म्हणाले, "प्रियाताई, कोणी हात लावलाच नाही असं लिही ना. विषय संपतो." मी दोघांनाही नकार दिला. सुबोध मनाने वाईट नाहीत, हे मला कळते. मी गेल्यावर त्यांना जेवायला जरूर बोलवावे. कागदपत्रे मात्र त्यांच्या हाती देऊ नयेत.

मी स्वतःला पुष्कळदा विचारले: आई आहे म्हणून माझी नजर तिरपी झाली का? आईच्या हातावर त्याचा थोडाही भार आला असता, तर दोर तेवढा वर उचलला गेला असता. मी दोरच पाहत होते, ते माझे कामच होते. तो हलला नाही. आई हसते, "मला पिठाचा डबा उतरवता येत नाही, मी माणूस तोलला म्हणे."

आणखी एक. आमच्या हाताने काही बाटते, हे माझ्या आजोबांनी आयुष्यभर ऐकले. समितीला आमची जात ठाऊक नाही. तो आरोप मी त्यांच्यावर करत नाही, केला तर तो खोटा ठरेल. पण हात लागला म्हणून माणसाचे कर्तृत्व पुसले जाणे मला मान्य नाही, नियम कोणत्याही भाषेत लिहिलेला असो.

म्हणून जाहीर करते: हात लागला. आधार दिला नाही.

अ‍ॅडव्होकेट अभय म्हणाले, "ही साक्षीची जागा नव्हे." त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र केले आहेच. तरी येथेही लिहिते, कारण माणूस गेल्यावर हा एक कागद घरच्यांना वाचावाच लागतो.

५. माझ्या वैयक्तिक ठेवीतून याकुपच्या अपिलाचा खर्च व्हावा. उरेल ते जान्हवीला. नमस्काराचा उल्लेख गाळण्याच्या अटीवर विक्रम परत मिळत असेल, तर माझे प्रतिज्ञापत्र तसे कापून वापरू देऊ नये, ते मागे घ्यावे, मग विक्रम गेला तरी चालेल. हे त्याच्यावर लादणे तर होत नाही ना, म्हणून दुभाष्याकरवी त्याला फोनवर विचारले. तो म्हणाला, "माझे दोन्ही हात तोलाच्या काठीवर होते, मला तिला सलाम करता आला नाही. ती आली होती, हे राहू द्या."

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

प्रियदर्शिनी र. गजभिये

साक्षीदार: विश्वास केळकर, वल्लरी केळकर (शेजारी)

सेम्बावांग, सिंगापूर. १८ ऑगस्ट २००७

टीप: या कागदाने ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, म्हणून आई मीराबाईंची सही घेतलेली नाही. त्या समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "हात मी लावला, आणि साक्ष दुसऱ्यांची?"