पेंड वाढली, पिल्लं आटली

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. (कोंबड्यांच्या शेडमध्ये बसून लिहितेय. छप्पर इतकं खाली आहे की इथे नमस्कार वाकूनच होतो.) गुडघा कसा आहे? मामींनी जिना चढू नका म्हटलं तरी तुम्ही चढत असणार, म्हणून मी वेगळं सांगत नाही. जनावरांच्या औषधांचं दुकान आणि माणसांना फुकट सल्ले, हेही चालूच असेल. मी काही मागायला लिहीत नाहीये हं, नुसती खुशाली.

तर खुशाली अशी, की सासऱ्यांनी शेडच्या मधोमध जाळी मारलीय. अलीकडे माझी पिल्लं, पलीकडे थोरल्या जाऊबाईंची. जिची पिल्लं वजनात भरतील तिच्या ताब्यात शेड. दोघींचीही नाही भरली, तर शेड फर्निचरवाल्याला गोदामासाठी. मामा, या शेडवर माझा जीव आहे. लग्न होऊन आल्यापासून 'हे माझं' म्हणावं असं या घरात मला एवढंच मिळालंय. म्हणून पदर खोचला. मिळेल तेवढी शेंगदाण्याची पेंड आणली आणि खाद्यात ओतत सुटले. प्रोटीन म्हणजे ताकद, अधिकस्य अधिकं फलम्! पोती गुपचूप आणली, जाऊबाईंना पत्ता लागू दिला नाही (असं आपलं मला वाटलं).

पिल्लं काही वाढेनात. खाद्याला चोच लावायची आणि माझ्याकडे असं बघायची, जशी काही मी सावत्र आईच. पाणी मात्र सारखं प्यायची. खालचा भुसा ओलाचिंब, आणि वास असा की सासरे दारातूनच शिंकून माघारी. जाळीपलीकडची मात्र साध्या खाद्यावर टुणटुणीत! मी म्हटलं, पेंड कमी पडतेय. अजून ओतली. पिल्लं अजून आटली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आणल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावून समजावलं, की प्रोटीन म्हणजे एकच वस्तू नाही, अमिनो आम्लांची मोळी आहे. त्यातलं लायसिन नावाचं आम्ल या पेंडीत कमी. आणि कहर म्हणजे, असलं एकांगी प्रोटीन जितकं वाढवाल तितकी लायसिनची गरजही वाढते. "शर्टांचं कापड ढीगभर आणलंत हो, पण गुंड्या कुठायत?" असं म्हणाल्या. जास्तीचं बाहेर टाकता टाकताच पिल्लं थकतात, भूकही मरते. पेंड कमी करा, नाहीतर लायसिन वाढवा.

पेंड कमी? मी? अहो, पोती पार पलंगाच्या पायथ्यापर्यंत रचलीत, नवरा त्यांच्यावर पाय ठेवून झोपतो! बरं, थोडी कमी करेन (डॉक्टरीणबाई पुन्हा बघायला येणार आहेत). पण गुंड्या आणेनच, जाऊबाईंना चारीमुंड्या चीत करेन, आणि शेड जाऊ देणार नाही म्हणजे नाही. शेवटी भाची कुणाची?

मामींना नमस्कार. जिना चढू नका.

तुमची हट्टी भाची

ता. क. : आता मागतेच. दुकानातून लायसिनची पिशवी ताबडतोब पाठवा.

पुन्हा ता. क. : एक नको, दोन पाठवा. आत्ताच जाळीतून डोकावले, तर जाऊबाईंच्या खाद्यात माझीच पेंड! धाकटी लपवून आणतेय म्हणजे काहीतरी जालीम असणार, असं समजून बाई कधीपासून माझ्या पोत्यांत हात घालतायत देव जाणे. आता तिकडेही भुसा ओला, पिल्लं मरगळलेली, आणि बाई त्यांच्याजवळ बसून डोळे पुसतायत. विचारलं, तर म्हणाल्या, वासाने झोंबतंय. (मीही सगळ्यांना हेच सांगते.) मला फार वाईट वाटलं, मामा. दुसरी पिशवी त्यांच्या नावाने, तुमच्याकडून म्हणून पाठवा. माझ्या हातून त्या विषसुद्धा घेणार नाहीत.

शेवटचा ता. क. : त्यांची पिशवी मात्र दोन दिवस उशिरा निघू द्या.