अमावास्येचे सुळे

३ मार्च, सोमवार
मुलगी गॉथ झाली आहे. म्हणजे काय ते आज नेटवर वाचलं. काळे कपडे, काळी नखं, उदास गाणी, स्मशानाची आवड. वय वर्षं दहा. शाळेच्या बॅगेला अजून सशाचं कीचेन लटकतंय. हे खूळ कॉलेजात जाणाऱ्या मावसबहिणीने, म्हणजे ताईने, डोक्यात घातलं. कालपासून 'पिल्लू' म्हटलं तर ओ देत नाही. आता तिला 'अमावास्या' म्हणायचं.
घाबरायचं कारण नाही. शुक्रवारपर्यंत निकाल लावतो.

५ मार्च, बुधवार
तिच्या कंपासपेटीत प्लास्टिकचे सुळे सापडले. खेळण्यांच्या दुकानातले. सगळ्या तोंडांना एकच साईज! मी इतकी वर्षं कवळ्या बनवतोय, माझ्या हातचं काम घ्यायला डेंटिस्ट रांग लावतात, आणि माझ्याच मुलीच्या तोंडात हा कचरा? कडा तर अशा की हिरडी कापेल. तिच्यासमोर कचऱ्यात टाकले. बापाने कधीतरी कडक व्हावं लागतं.
ती रडली नाही. चांगलं लक्षण.

८ मार्च, शनिवार
बोलत नाही. मीठ हवं असेल तर आईला सांगते, बाबांना सांग मीठ द्यायला. मी शेजारच्याच खुर्चीत, मीठ माझ्याच हातात. मी हिला म्हटलं, पोरगी आत्मपरीक्षण करतेय. ही हसली. हसण्यासारखं काय होतं?
पूर्वी शाळेतून आली की तळमजल्यावर माझ्या लॅबमध्ये स्टुलावर बसून अखंड बडबडायची. कान किटायचे. मी कवळी घासत 'हं, हं' करायचो. आता शांतता आहे. भरपूर काम होईल.
झालं नाही. आज एकही दात बसवला नाही.

११ मार्च, मंगळवार
शुक्रवारची मुदत वाढवली. नवा प्लॅन: शत्रूच्या गोटात शिरायचं. तिची गाणी ऐकली. पहिल्यात कोणीतरी मेलं, दुसऱ्यात सगळेच मेले, तिसरं बंद केलं. जेवायला मुद्दाम काळा शर्ट घालून बसलो. ती ताट उचलून खोलीत गेली. ही म्हणाली, वेटर, जरा पाणी आण.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी
सुचलं! खरे सुळे बनवायचे. तिच्या दातांवर टोपीसारखे बसणारे, हवे तेव्हा काढता येणारे. याला हार म्हणत नाहीत. आधी विश्वास, मग बोलणं, मग हळूच त्या खुळातून बाहेर काढायचं.
अडचण एकच. ठसा घ्यायला तिने माझ्यासमोर तोंड उघडायला हवं. पण मागच्या वर्षी हौसेने तिच्या दातांचा साचा बनवला होता, तो कपाटात आहे. जुने ठसे पाठवणाऱ्या डॉक्टरांना मी फोनवर झाडतो, ते खरं. पण हे घरचं काम आहे. माझ्या मुलीचे दात मला माहीत नाहीत होय?

१९ मार्च, बुधवार
सुळे अप्रतिम जमलेत. रंग तंतोतंत, टोकाला किंचित पारदर्शक झाक. एका डॉक्टरांचा फोन आला, त्यांच्या पेशंट आजोबांची कवळी कुठे अडकली, ते बिचारे नुसतं सूप पितायत. म्हटलं, या वयात सूपच चांगलं.

२३ मार्च, रविवार
दिले. तिने डबी उघडली आणि किती दिवसांनी माझ्याकडे बघून बोलली. हे तू केलेस? उजवा बसला. टक्क! डावा बसेना. म्हटलं, आ कर. तर डावीकडे खिंडार. दुधाचा सुळा पडलाय.
केव्हा पडला? झाले आठ-दहा दिवस. आईला दाखवला होता म्हणाली. मला का नाही दाखवलास? तर म्हणे, तू चिडला असतास, नाहीतर लगेच काहीतरी करायला घेतलं असतंस.
गावभर कोणाचा दात पडला की पहिलं मला कळतं. घरातला पडला तो कळला नाही. बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसलो. जरा दमलोय, बाकी काही नाही.

२५ मार्च, मंगळवार
लॅबमध्ये आली! आपणहून! पडलेल्या जागी बसेल असा सुळा करता येतो का, विचारलं. अगं बाई, माझा धंदाच तो! नवा ठसा घेतला. तोंडात ठशाचा गोळा असतानाही हुं हुं करत बोलत होती. मग स्टुलावर बसली ती संध्याकाळपर्यंत. काळ्या नेलपॉलिशचे प्रकार, गॉथ लोक पिकनिकला कुठे जातात, ताई फोन ठेवला की का रडते. मी एक शब्द सुटू दिला नाही. इतकं बरं कधी वाटलं होतं आठवत नाही.
सुळा उद्याच तयार होईल. पण घाई कशाला?

२ एप्रिल, बुधवार
तिसरी ट्रायल. खरं तर पहिल्याच ट्रायलला बसला होता. म्हटलं, वरचा-खालचा दात केसभर जुळत नाही, परत यावं लागेल. ती आली, बसली, बोलली. ही म्हणाली, अरे देऊन टाक ना पोरीला, किती ताटकळवशील. हिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

९ एप्रिल, बुधवार
ट्रायलला आली नाही. गृहपाठ असणार. तिच्याऐवजी ते सूपवाले आजोबा आले. बोळक्या तोंडाने शिव्या घातल्या. शब्द कळले नाहीत, मुद्दा पोचला. उद्या पोरीला सुळे नक्की देतो. उद्या नको, परवा. पॉलिश राहिलंय.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी पिवळा टी-शर्ट घालून आली. नखं स्वच्छ. ही म्हणाली, सुटलो बाई एकदाचे. म्हणजे मी जिंकलो. प्लॅन हाच तर होता.
डबी पुढे केली. तिने दोन्ही सुळे नीट पाहिले. मस्त झालेत बाबा, म्हणाली, पण मी आता गॉथ नाहीये, तुझ्याकडेच राहू देत. पाहुण्यांशी बोलावं तसं. आता स्केटबोर्ड शिकायला चाललीय. मी सोडायला येऊ का विचारलं. नको म्हणाली, ताई आहे.
एकटाच लॅबमध्ये बसून मोबाईलवर स्केटबोर्डविषयी वाचतोय. त्यात पोरं तोंडावर आपटतात आणि पुढचे दात तुटतात म्हणे. बऱ्याच जणांचे तुटतात.
वाचून क्षणभर बरं वाटलं मला. शी. काय बाप आहे मी.