सकाळचा पहिला पाव तास

३ जुलै, बुधवार
प्रेस विका म्हणे! विजेचं बिल आलं, येर्बाचा कडू चहा हातोहात फिरत होता तो थांबला, आणि लिसान्द्रोने आकडा वाचला. मागच्या हिवाळ्यात याच महिन्यात आलं होतं त्याच्या तिप्पट. पंधरवड्यातून एकदा येणारा हा आमचा हिशेबनीस, माणूस वाईट नाही. आवाज खाली आणून म्हणाला, की पत्रा कापायची ती जुनी पॉवर प्रेस एकटी कारखान्याची एक तृतीयांश वीज खाते. ती विकावी, आपण बनवतो त्या बाकांचा पत्रा बाहेरून कापून आणावा. आणि ती चालवणाऱ्या ओविदिओचं वय झालंच आहे.
मालक पळाला आणि कारखाना आम्ही कामगारांनीच चालवायला घेतला, तेव्हा याच प्रेसखाली आम्ही महिनाभर झोपलो, यंत्रं कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून. तेव्हा ठरलं होतं — इथून कुणाला काढायचं नाही. वीज महागली म्हणून ते बदलणार नाही. पुढच्या शुक्रवारी सभा आहे. बघते.

४ जुलै
यंत्राच्या प्लेटवर छापलेले किलोवॅट गुणिले तास — झाला लिसान्द्रोचा हिशेब! मग माझ्या भाषणाचा जोरही माझ्या वजनावरून काढा.

६ जुलै, शनिवार
वेल्डिंगवाल्या नेलिदाकडून चिमट्यासारखा वीज मोजायचा टाँग टेस्टर घेतला आणि एकेका यंत्राच्या तारेला लावत फिरले. प्रेसचं फ्लायव्हील, ते जड चाक, एकदा फिरलं की फिरतंच, वीज ओढते ती घावापुरती. अख्खी सकाळ उभी राहून मोजलं. प्लेटवर आहे त्याच्या निम्मीसुद्धा नाही! नुसती फिरताना मात्र माझ्या अंदाजापेक्षा थोडी जास्त खाते. वय झालं, दुसरं काय.
ओविदिओ शेजारीच होता. विचारलं, हल्ली जड चालते का रे? तो म्हणाला, "हो, यंदा थंडी आहेच." नेलिदा हसून लोळायची बाकी. तोही हसला.

८ जुलै, सोमवार
चोर सापडला. बिलाच्या दुसऱ्या पानावर — मागणी आकार. वापर किती, हे इथे कुणी विचारत नाही. महिन्यातल्या सगळ्यात जड पाव तासात किती ओढली, त्यावर महिनाभराचा दंड! आणि तो पाव तास कोणता? सकाळी सहाचा. रंगाची भट्टी गार, म्हणून पूर्ण ताकदीने तापते. कॉम्प्रेसरची टाकी रिकामी. त्यात लेथ, वेल्डिंग, प्रेस. सगळं एकदम.
एकदम का? कारण तोडलेली वीज परत आली त्या दिवशी मी खोक्यावर उभी राहून म्हणाले होते, "आजपासून इथे कुणी एकटा सुरू करणार नाही." तेव्हापासून रोज सहाला मी हात वर करते, खाली आणते, आणि सगळ्यांच्या यंत्रांच्या कळा एकत्र पडतात. तो गडगडाट ऐकून अंगावर काटा येतो. अजूनही.
संपांचे इतिहास वाचले, तुरुंगातली पत्रं वाचली. बिलाचं दुसरं पान नाही वाचलं. ते वाचायचं कामही मालकांवर सोडलं होतं आम्ही! आता नाही.

९ जुलै
स्वातंत्र्यदिन. गल्लीभर झेंडे. दिवसभर मका-मांसाचा लोक्रो रस्सा ढवळला आणि पातेल्यालाच भाषण ऐकवलं. पातेल्याने विरोध केला नाही. शुक्रवारी असं होणार नाही.

१२ जुलै, शुक्रवार
सभा. प्रेसचे आकडे मांडले. लिसान्द्रोने ते दोनदा तपासले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझं चुकलं. भट्टी आधी तापवून मग एकेक यंत्र लावलं, तर प्रेस विकून वाचणार होतं त्यापेक्षा जास्त वाचतं. असा माणूस हवा!
आणि मग माझीच माणसं माझ्यावर उलटली. नेलिदा उभी राहिली. "एकेकटं तर आम्ही मालकाच्या वेळीही सुरू करत होतो, झुलेमा. एकत्र तू शिकवलंस. आता वीज कंपनीसाठी ते मोडायचं?" टाळ्या पडल्या. मला नाही, तिला.
मी म्हणाले, "कंपनीला आपला गडगडाट फार आवडतो. दर महिन्याला त्याचे पैसे लावते. मी तिच्यासाठी हात वर करणार नाही. ओविदिओची कळ पडेपर्यंत तू तुझ्या कळेवर हात ठेवून थांबशील, हेच माझं एकत्र. याहून मोठं मला माहीत नाही."
नेलिदा मान हलवून खाली बसली. म्हणजे पटलं.
ओविदिओ नेहमीसारखा पहिल्या रांगेत, नजर माझ्या तोंडावर. कधीपासून तिथेच बसतो. मागे एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "तू बोलतेस तेव्हा तुझं तोंड बघायला मजा येते, बाई." मतदान पुकारायच्या आधीच त्याने हात वर केला होता.
थोड्या मतांनी जिंकलो. प्रेस राहिली. ओविदिओ राहिला. येत्या सोमवारी पहिला मान प्रेसला — भट्टी तापली की सगळ्यांत आधी ती.

१५ जुलै, सोमवार
भट्टी आधीच तापलेली. बाकी सगळे कळेवर हात ठेवून थांबलेले. मी हात वर केला, फक्त ओविदिओसाठी, आणि खाली आणला.
मालक पळाल्यापासून प्रेस पहिल्यांदा एकटी फिरली. पहिल्या फेऱ्यापासून बेअरिंग किंचाळत होतं. लोखंडावर लोखंड. नेलिदाने दोन्ही कानांवर हात दाबले.
ओविदिओ कळेपाशी उभा, हसत. माझ्या ओठांकडे बघत अंगठा वर केला — बरोबर चाललीय ना?