एका तारेवर तीन बोटं

सर,

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा गिटार शिकून राहिलो. लातुरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली पोरं डॉक्टर व्हायला घोकतात, वर मी ट्रेमोलो घोकतो. एकाच तारेवर तीन बोटं पाळीपाळीनं इतकी भरभर चालवायची, की ठोके ऐकूच येऊ नयेत, नुसता सूर लांबत राहावा. तुम्हाला काय सांगतोय म्हणा! शिकवणारा माझ्या पुतण्याच्या वयाचा. "काका, अनामिका पळून राहिली तुमची," म्हणतो. एरवी भाषणांत माझी जीभ कुणाला सोडत नाही, तिथं मात्र मी मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय, नांदेडला, तुमच्या स्वयंपाकघरात.

पुढच्या खोलीत कायम पाहुणे, म्हणून तुम्ही मला आत शिकवायचात. रेल्वेच्या ऑफिसातून आलात की शर्टही न बदलता पाटावर बसायचात, मी पिठाच्या डब्यावर. "बोटाला घाई अन् डोक्याला आराम? उलटं कर बाबा!" हे तुमचं रागावणं. एकदा स्वतःसाठी मागवलेला नव्या तारांचा सेट तुम्ही माझ्या गिटारला चढवलात आणि स्वतः गंजक्या तारांवर वाजवत राहिलात.

त्याच वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगला मीच तुम्हाला वाजवायला बोलावलं. फिशपाँडच्या डब्यात निनावी चिठ्ठीही मीच टाकली. तुमचं वाजवून झालं आणि ती माईकवर वाचली गेली: "सरांची बोटं म्हणजे थंडीतला ट्रॅक्टर. थरथर लई, जागचा हलत न्हाई!" हशानं हॉल दणाणला. तुम्हीही हसलात. रिवाजाप्रमाणे चिठ्ठी तुमच्या हातात येते. तुम्ही ती वाचताय, एका ओळीला लागतो त्याहून जरा जास्त वेळ. माझं अक्षर तुम्ही वर्षभर सरावाच्या वहीत बघत होतात. चिठ्ठी खिशात घालून खाली उतरलात, गिटार माझ्या हातात दिलीत. "धर जरा. बूट घालतो." एवढंच. पुढच्या आठवड्यात दारातच म्हणालात, "माझ्याजवळ तुला देण्यासारखं काही न्हाई राहिलं आता." त्यानंतर तुम्ही कुठं वाजवल्याचं कुणी सांगितलं नाही. तुम्ही गेल्याचंही मला दोन वर्षांनी कळलं.

परवा दुपारी ट्रेमोलो पहिल्यांदा जमला. सूर कुठंच तुटला नाही, आणि मी दचकून हात उचलला. ते वाजवणं माझं नव्हतं. तुमचं होतं, तुमच्या अंगठ्याच्या नेहमीच्या किंचित उशिरासकट. मागं वळून पाहिलं. भिंत होती. तार मात्र अजून वाजतच होती. एका सुरावर असं थांबून राहायला काय लागतं, ते तीस वर्षांनी माझ्या दुखऱ्या मनगटाला कळलं. तेव्हापासून मी भिंतीला पाठ टेकूनच बसतो. तरी वाजवायला लागलो की कुणीतरी ऐकतंय असं वाटतं.

माफी मागायची म्हणून कागद घेतला होता. पण मग खोटं लिहावं लागेल, म्हणून ती मागत नाही, आणि हे पत्रही मी कुठं टाकणार नाही, गोदावरीतही नाही. तो विनोद मी अजून भाषणांत सांगतो, सर. ट्रॅक्टर तोच, माणूस बदलतो. गेल्या महिन्यात चाकूरला सांगितला. लोक लई हसले. मला बरं वाटलं.