आजारी आहेत

रवि., ९ मार्च
अशोकला जाऊन तीन आठवडे. नागपूरहून प्रकाशभाऊजींचा मेसेज: "वहिनी, व्हिडिओ कॉल आहे, टिकली लावा. आईला धक्का सोसायचा नाही." लावली. आईंना सांगितलं, अशोक आजारी आहेत, झोपलेत. "औषधं कोणती?" बीपीच्या दोन गोळ्या सांगितल्या. जन्मभर फार्मसीत उभी राहिले, त्याचा हा उपयोग! मुलगा त्यांचा, आणि बातमी दाबायची धाकट्याने. संताप येतो.

गुरु., १३ मार्च
केअरटेकर मार्ता अशोकचा वॉकर परत न्यायला आली. शेवटचे चार महिने अशोकचं सगळं तिने केलं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाची, तोराजा लोकांतली. तिचे वडील आजारी म्हणून मी मागे शुगर तपासायला सांगितली होती. आज विचारलं, बरे आहेत का? तर म्हणाली, "आंटी, ते दीड वर्षापूर्वी गेले."

त्यांच्यात रेडे कापून मोठा विधी होईपर्यंत गेलेला माणूस 'आजारी'च. शरीर टिकावं म्हणून औषध टोचून घरातच ठेवतात. सकाळी कॉफी, दुपारी भात. बाहेर जाताना त्याला सांगून जायचं. मार्ताचा व्हिसा अडकलाय. ती गावी पोचेपर्यंत वडील आजारी.

म्हटलं, मीपण रविवारी हेच खोटं बोलते.
"खोटं कसं? आमच्या घरात सगळ्यांना माहीत असतं."
लागलं ते मला.

रवि., १६ मार्च
भाऊजींना म्हटलं, सांगून टाका आईंना. "तुम्ही तिकडे बसून बोलू नका. इथे निस्तरायचं आम्हाला आहे."
मी काय निस्तरलं ते विचारलं का कधी? इथे परदेशात विद्युतदाहिनीचा अर्ध्या तासाचा स्लॉट, एक बटण, दाराबाहेर पुढचे लोक ताटकळलेले. आईंना कॉल केलाच नाही.

मंगळ., १८
अशोकच्या खुर्चीपुढे चहा ठेवला. गार झाला. मूर्खपणा. ओतून दिला, कप विसळताना रडले.

रवि., २३ मार्च
आज सांगायचंच, असं ठरवून फोन लावला. तरी टिकली लावलीच. भाऊजी मागे उभे. आईंनी चष्मा लावून फोन जवळ घेतला.
"टिकली वाकडी लागलीय गं. हल्ली दर वेळी वाकडी. सवय मोडली वाटतं."
भाऊजींनी घाईने फोन ओढून घेतला. मागून आईंचा आवाज आला, "त्याला म्हणावं, वेळेवर जेवत जा."
कॉल कट.
म्हणजे त्यांना कळलंय? मग इतके दिवस मी खोटं बोलतेय कोणाशी?