भोपळ्यांखाली झाकलेली चेटकीण

आदरणीय ओपलमावशी,

तुझ्या भाच्याचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला असता तर माझा कान तुझ्या हातात गेला असता.) तुझे गुडघे बरे असतील, मांजर आणखी जाड झालं असेल आणि तू सांभाळतेस त्या वाचनालयाचं छप्पर अजून गळत असेल, असं धरून चालतो. मी खुशाल आहे. तुझं कार्ड पोचलं. त्यात माझी खुशाली विचारलेली नाही. एवढंच लिहिलंय, की मुलांच्या कपाटातलं हॅलोवीनचं पुस्तक लोनीनेच पळवलं आणि ते परत आल्याशिवाय नोव्हेंबरात टर्कीच्या जेवणाला त्याचं ताट मांडलं जाणार नाही. तर ऐक. पुस्तक मीच नेलं. परत देणार नाही, माफीही मागणार नाही. टर्की तुझी तुला लखलाभ, तशीही ती दरवर्षी कोरडीच होते.

आता कारण सांगतो. चष्मा लाव, लांबलचक आहे.

इथे डकोटात मी पवनचक्क्यांचे बोल्ट आवळतो हे तुला ठाऊक आहेच. वाऱ्यावर आमचं पोट, पण वारा जोराचा सुटला की वर चढायला बंदी. म्हणजे ज्या दिवशी धंदा तेजीत त्या दिवशी आम्ही खाली माशा मारत बसतो. (थंडीत त्याही मिळत नाहीत.) गेल्या आठवड्यात असाच वारा सुटला, तेव्हा मी आमच्या वस्तीच्या धुलाईघरात ऊब खात ते पुस्तक काढून बसलो. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला न अडखळता वाचता येईल असं जगात हे एकच पुस्तक आहे, कारण ते तू मला वाचून वाचून पाठ करून दिलंस. आया कपडे धूत होत्या, पोरं कंटाळली होती. ती एकेक करत माझ्याभोवती जमली आणि म्हणाली, वाच. मला आजवर कुणी असं म्हटलेलं नव्हतं. मग मी वाचलं.

तुला आठवत असेल, त्या पुस्तकात तू जागोजागी भोपळ्याचे स्टिकर चिकटवलेस. पाद्रीबाबांना चेटकिणी खपत नाहीत, असं सगळ्या गावाला सांगितलंस आणि मला मात्र मांडीवर घेऊन, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वाचलंस, की भोपळा झाडूवर बसला, भोपळ्याने कढई ढवळली, भोपळ्याने मांजराला दूध पाजलं. मी ते खरं मानून मोठा झालो. पहिलीत बाईंना सांगितलं की भोपळे उडतात, तर त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं. तिथून शाळेचं आणि माझं जे बिनसलं ते बिनसलंच. (याचा दोष कुणाचा, हे मी विचारत नाही. तूच विचार.)

इथली पोरं मात्र आपल्या गावची नाहीत. जूनी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे, पुढचे दोन दात नसलेली. ती म्हणाली, भोपळ्याला हात नसतात, मग झाडू धरतो कसा? मी म्हटलं, आमच्या आर्कान्सात धरतात. ती म्हणाली, दाखव. मी इरेला पेटलो आणि नीट दाखवता यावं म्हणून पुस्तक कपडे वाळवायच्या यंत्रावर उघडं ठेवलं. यंत्र तापलेलं होतं. मावशी, तुझ्या सोळा वर्षांच्या गोंदाने तिथे दम सोडला. भोपळे एकेक करून घसरले आणि त्याबरोबर माझ्या भ्रमाचाही भोपळा फुटला.

खाली चेटकीण होती. चष्म्याला दोरी, हनुवटीवर डावीकडे चामखीळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. माझ्या तोंडून निघून गेलं, ही तर आमची ओपलमावशी.

आता मला सांग, त्याच पानांवर सांगाडा उघडा, वटवाघळं उघडी, थडग्यातून निघालेला हातसुद्धा उघडा. पाद्रीबाबांना ते सगळं चाललं? तेवीस भोपळे आणि सगळे एकाच तोंडावर? त्या बिचाऱ्या माणसाला तू सोळा वर्षं वाचनालयात पुढच्या खुर्चीवर बसवून चहा पाजतेस, आणि भोपळ्यांसाठी नाव पुढे केलंस ते त्याचंच. चित्रकाराने तुला कधी पाहिलेलं नाही हे मी मान्य करतो. पण मग त्याला ती पेन्सिल कुठून सुचली?

असो. खरी पंचाईत पुढे झाली. शेवटच्या पानावरचा तो मोठा भोपळा तू खालचा मजकूरही झाकेल असा चिकटवला होतास. तिथे आल्यावर आपण दोघं नेहमी म्हणायचो, आणि मग भोपळ्याची खीर झाली, संपलं. तो भोपळाही निघाला, आणि खाली सहा ओळी. मी कधी न पाहिलेल्या, लांब लांब शब्दांच्या. पोरं वाट बघत बसली. मी शिंकलो, खोकलो, खिडकीतून वारा बघितला. जूनी म्हणाली, तुला वाचता येत नाही. मी म्हटलं, येतं. ती म्हणाली, मग वाच.

तिथे मी मान खाली घालणार नव्हतो. म्हटलं, या पानावर ज्याचं चित्र आहे त्याच्याचसमोर ते वाचायचं असतं, तसा नियम आहे. हॅलोवीनच्या संध्याकाळी, तुम्ही गोळ्या मागत माझ्या दारी याल तेव्हा, माझी मावशी हजर असेल. सगळी वस्ती आता तेच बोलतेय. इथे त्या दिवशी बर्फ पडतो, पोरं भुताचे कपडे जाड कोटावर चढवून हिंडतात. त्या पोरांसमोर मी खोटा पडणार नाही. पुस्तक का देत नाही ते कळलं असेल.

तुझा, अजिबात न ओशाळलेला,
लोनी

ता. क. सोबत बसचं तिकीट आहे. ते परत होत नाही, मी विचारून घेतलंय.

ता. क. वेश आणू नकोस. आहेस तशीच ये.

ता. क. तिकीट एक दिवस आधीचं आहे, ती चूक नव्हे. दार लावून त्या सहा ओळी आधी मला शिकव. हसलीस तरी चालेल, दार बंदच असेल. पोरांना वाचून मीच दाखवणार. तू नुसती शेजारी बस, म्हणजे चित्राची सोय होईल.